म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत कॅल्शियम मोजताना: प्राणी निवडण्यापासून शेवटच्या आलेखापर्यंत

मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागात सीए-वन नावाचा पट्टा आहे; तिथल्या पिरॅमिडल पेशीला विजेचे लागोपाठ पंधरा झटके दिले, की ती फटाक्यांच्या माळेसारखे पंधरा स्पाइक, म्हणजे विजेचे ठोके, मारते आणि मग काही सेकंद गप्प होते. या गप्प होण्याला आफ्टरहायपरपोलरायझेशन, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं एएचपी म्हणतात. स्पाइकबरोबर पेशीत कॅल्शियम शिरतं, त्याच्यामुळे पोटॅशियमचे चॅनेल उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशीचा व्होल्टेज खाली बसतो. म्हाताऱ्या प्राण्यात ही शांतता जास्त खोल असते आणि जास्त वेळ टिकते. फिलिप लँडफील्ड आणि थॉमस पिटलर यांनी १९८४ साली रॅटमध्ये हे दाखवलं. १९९६ मध्ये ऑलिव्हिए तिबो आणि लँडफील्ड यांनी वयस्क रॅटच्या पेशींत एल-टाइप कॅल्शियम चॅनेल जास्त सापडतात हे एकेका चॅनेलची नोंद घेऊन सांगितलं. जॉन डिस्टरहॉफ्ट यांच्या गटाने १९८९ मध्येच म्हाताऱ्या सशांना निमोडिपीन हे एल-टाइप चॅनेल अडवणारं औषध दिलं, आणि ते ससे इशारा मिळताच पापणी मिटण्याचा धडा लवकर शिकले.

मराठीत रॅट आणि माउस दोघंही उंदीरच, त्यामुळे वाचताना घोटाळा होतो. वर सांगितलेलं मूळ काम रॅट आणि सशांवरचं आहे. माउसवर हे काम नंतर आलं, मुख्यतः जनुक काढून टाकलेले प्राणी मिळायला लागल्यावर. या लेखात उंदीर म्हणजे माउस.

तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूच्या कापांत एएचपी मोजायची आणि तिच्यावरून कॅल्शियमचा अंदाज घ्यायचा, हा प्रयोग पहिल्यांदाच उभा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. मेंदूचा काप काढताना जखमी झालेल्या पेशीतही कॅल्शियम तुंबतं. म्हातारी ऊती ही जखम कमी सोसते. म्हणजे तुम्ही वार्धक्य मोजायला बसलात आणि प्रत्यक्षात सकाळी ब्लेडने केलेली इजा मोजलीत, असं सहज होऊ शकतं. आलेख दोन्ही वेळेला सारखाच सुंदर दिसतो.

प्राणी

सी-५७-ब्लॅक-६ जातीचे काळे उंदीर घ्या. तरुण गट ३ ते ६ महिन्यांचा ठेवा. सहा आठवड्यांचं पिल्लू तरुण म्हणून घेऊ नका, त्याचा मेंदू अजून घडत असतो आणि मग तुम्ही वाढ विरुद्ध वार्धक्य अशी तुलना करत बसाल. म्हातारा गट १८ ते २४ महिन्यांचा. या जातीचं मध्यमान आयुष्य सव्वादोन ते अडीच वर्षांच्या घरात आहे, तेव्हा २४ महिन्यांच्या प्राण्याकडे बघताना तो वाचलेल्यांपैकी एक आहे हे लक्षात असू द्या. शक्य असेल तर १२ महिन्यांचा मधला गटही ठेवा. दोन बिंदूंतून कुठलीही रेघ जाते.

अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग म्हातारे उंदीर संशोधकांना पुरवते. आपल्याकडे बहुतेकांना ते आपल्याच प्राणिगृहात वाढवावे लागतात, म्हणजे दीड-दोन वर्षं आधी पिंजरे लावावे लागतात. वाटेत काही मरतील, काहींना गाठी होतील, काही एकमेकांना चावून जखमी होतील. हे धरूनच संस्थेच्या प्राणी नीती समितीकडे अर्ज करा. पीएचडीच्या पहिल्या वर्षी पिंजरे लावले नाहीत तर चौथ्या वर्षी हातात म्हातारा उंदीर नसतो.

सगळे प्राणी एकाच पार्श्वभूमीचे हवेत. जॉफ्री मर्फी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की उंदराची जात बदलली की एएचपीचा आकार बदलतो, वय तेच असलं तरी. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेल्या तरुण उंदरांची तुलना आपल्या म्हाताऱ्या उंदरांशी करायची नाही ती याचसाठी.

ज्या दिवशी प्राणी वापराल त्या दिवशी वजन लिहा, पोट उघडून गाठी आहेत का बघा, प्लीहा सुजली आहे का बघा. आजारी प्राणी वगळायचा नियम प्रयोगाआधी कागदावर लिहून ठेवा. नोंद झाल्यावर, आकडा बघून वगळणं ही फसवणूक आहे, मग मनात काहीही असो.

द्रावणं

रेकॉर्डिंगसाठी लागणारं कृत्रिम मेंदूद्रव, म्हणजे एसीएसएफ, आम्ही असं करतो, आकडे मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १२५, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, सोडियम बायकार्बोनेट २५, ग्लुकोज २५, मॅग्नेशियम क्लोराइड १ आणि कॅल्शियम क्लोराइड २. कार्बोजेन, म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, किमान वीस मिनिटं सोडल्यावरच कॅल्शियम घालायचं. आधी घातलं तर बाटलीच्या तळाशी दुधासारखा पांढरा ढग येतो, ते साका होऊन बसलेलं कॅल्शियम असतं. असं द्रावण गाळून वापरू नका, ओतून टाका. किती कॅल्शियम गेलं आणि किती उरलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि या प्रयोगात कॅल्शियम हाच तर विषय आहे.

आपल्या हवेत एक खास अडचण आहे. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड ओल ओढतात. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात बाटली दोनदा उघडली की आत ओला गोळा तयार, आणि तराजूवर तुम्ही मिठाबरोबर पाणी तोलता. म्हणून नवी बाटली फोडल्याबरोबर १ मोलरचा साठा करून ठेवा आणि दर लिटरला २ मिलिलिटर कॅल्शियम, १ मिलिलिटर मॅग्नेशियम पिपेटने घाला. ऑस्मोलॅरिटी, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, रोज मोजा. ती ३०० ते ३१० मिलिऑस्मोलच्या बाहेर गेली तर त्या दिवशी प्राणी काढू नका.

काप काढायचं द्रावण वेगळं हवं. म्हाताऱ्या ऊतीसाठी सोडियमच्या जागी एन-मिथाइल-डी-ग्लुकामीन असलेलं द्रावण फार उपयोगी पडतं. त्यात मॅग्नेशियम १० मिलिमोलर आणि कॅल्शियम फक्त ०.५ असतं, शिवाय अस्कॉर्बेट आणि पायरुव्हेट. पेशी सुजण्याचं मुख्य कारण सोडियम आत शिरणं, तेच इथे काढून घेतलेलं आहे. तरुण उंदराचा काप सुक्रोजच्या साध्या द्रावणातही टिकतो, म्हणून काही जण तरुणांना एक आणि म्हाताऱ्यांना दुसरं द्रावण वापरतात. तसं करू नका. म्हाताऱ्याला जे लागतं तेच तरुणालाही द्या.

काप काढणं

इथे घाई चालत नाही आणि उशीरही चालत नाही. भूल दोन्ही गटांना एकच, तीच मात्रा नव्हे तर तीच खोली, कारण म्हातारा उंदीर कमी औषधात खोल जातो. हृदयातून काप काढायचं द्रावण बर्फगार करून सोडा. यकृत तांबड्याचं फिकट पिवळसर झालं की मेंदूतलंही रक्त गेलं असं समजा. तरुणात ही पायरी गाळली तरी चालून जातं, म्हाताऱ्यात नाही.

कवटी उघडल्यावर मेंदूवरचं आवरण बघा. म्हाताऱ्या उंदरात ते चिवट असतं आणि ठिकठिकाणी चिकटलेलं असतं. ते राहिलं तर ब्लेड त्याला कापत नाही, ओढतं, आणि त्या ओढण्यात हिप्पोकॅम्पस ताणला जातो. बारीक चिमट्याने सावकाश सोलून काढा, अर्धा मिनिट जास्त गेलं तरी चालेल. मग व्हायब्रेटोमवर, म्हणजे थरथरत्या ब्लेडने काप काढणाऱ्या यंत्रावर, ३०० मायक्रॉनचे काप. ब्लेड नवीन, पुढे सरकण्याचा वेग कमीत कमी. ब्लेडच्या पुढे ऊती दबताना दिसली तर वेग अजून कमी करा.

काप आधी त्याच द्रावणात ३२ ते ३४ अंशाला सुमारे दहा मिनिटं ठेवायचे, त्याहून फार जास्त नाही, मग एसीएसएफमध्ये किमान एक तास. हा तास खाऊ नका.

आता मायक्रोस्कोपखाली बघा. चांगली पेशी ओळखायला शिकण्यातच पहिला महिना जातो. निरोगी पिरॅमिडल पेशीची कड मऊ असते, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि ती आजूबाजूच्या ऊतीत थोडी मिसळून गेल्यासारखी दिसते, इतकी की नवख्याला ती दिसतच नाही. जी पेशी ठसठशीत, काळ्या कडेची, डोळ्यात भरणारी दिसते ती मरायला टेकलेली असते. आणि जिचा केंद्रक उकडलेल्या अंड्यातल्या बलकासारखा गोल, स्पष्ट दिसतो, ती सुजून गेलेली असते. म्हाताऱ्या कापात वरचे ३०-४० मायक्रॉन अशा पेशींनी भरलेले असतात. खाली जा. तरुण कापातही तेवढंच खाली जा, नाहीतर खोलीचा फरक वयाचा फरक म्हणून नोंदला जाईल.

माझी सगळ्यात मोठी चूक या टप्प्यावरची आहे. सुरुवातीला मी दिवसाला दोन प्राणी करायचो, सकाळी तरुण आणि दुपारी म्हातारा. तरुणाचे काप हमखास निघायचे म्हणून दिवसाची सुरुवात त्याने करायची सवय लागली. चार महिन्यांनी म्हाताऱ्या पेशींची एएचपी मस्त मोठी दिसत होती. मग मार्गदर्शक बाईंनी वहीतल्या वेळा पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला: "म्हातारा कधी सकाळी केलास का?" क्रम उलटसुलट करून पुन्हा नोंदी घेतल्या तेव्हा फरक उरला, पण जवळजवळ निम्मा. बाकीचा निम्मा माझ्या थकलेल्या हाताचा आणि संध्याकाळी बदललेल्या ब्लेडचा होता. तेव्हापासून मी दिवसाला एकच प्राणी करतो. कुठला, हे दुसरं कुणीतरी ठरवतं आणि पिंजऱ्यावर फक्त क्रमांक लिहितं. म्हातारा उंदीर केसांवरून ओळखू येतोच, म्हणून शक्य असेल तर काप एकाने काढावेत आणि नोंद दुसऱ्याने घ्यावी.

पिपेटमध्ये काय भरायचं

पेशीची नोंद घेणाऱ्या काचेच्या पिपेटमध्ये द्रावण भरावं लागतं, आणि इथे बरेच जण फसतात. बहुतेक प्रयोगशाळांत फ्रीझरमध्ये पोटॅशियम ग्लुकोनेटचं तयार द्रावण पडलेलं असतं, आणि ते बाकी कामाला उत्तम असतं. पण ग्लुकोनेट स्लो एएचपीला, म्हणजे एएचपीच्या सावकाश सरणाऱ्या भागाला, दाबतं. त्याच्याऐवजी पोटॅशियम मिथाइलसल्फेट वापरा, त्यात एएचपी जास्त वेळ स्थिर राहते. आमचं द्रावण, आकडे पुन्हा मिलिमोलरमध्ये: पोटॅशियम मिथाइलसल्फेट १२०, पोटॅशियम क्लोराइड १०, हेपेस १०, मॅग्नेशियम-एटीपी ४, सोडियम-जीटीपी ०.३, फॉस्फोक्रिएटिन १०, पीएच ७.२५.

ईजीटीए आणि बाप्टा अजिबात नको. ही दोन्ही कॅल्शियमला धरून ठेवणारी रसायनं आहेत. सवयीने घातलेलं थोडंसं बाप्टासुद्धा तुम्ही जे मोजायला आलात तेच पुसून टाकतं. जुन्या द्रावणाच्या ट्यूबवर काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बनवा.

तरीही होल-सेल पॅचमध्ये, म्हणजे पिपेट पेशीला चिकटवून तिथलं पटल फोडून नोंद घेताना, पेशीतलं पाणी तुमच्या द्रावणाशी बदलत राहतं आणि एएचपी हळूहळू कमी होते. लँडफील्ड आणि डिस्टरहॉफ्ट यांच्या बऱ्याच नोंदी टोकदार इलेक्ट्रोडने घेतलेल्या होत्या, त्यात हा धुऊन जाण्याचा प्रश्न कमी असतो. आज ते कौशल्य फार थोड्या हातांत उरलं आहे. तुम्ही पॅच करणार असाल तर आत शिरल्यापासूनच्या वेळेचं घड्याळ लावा आणि प्रत्येक पेशीची एएचपी एकाच वेळी, समजा पाचव्या ते दहाव्या मिनिटात, मोजा.

नोंद

तापमान ३२ ते ३४ अंश. खोलीच्या तापमानाची नोंद इथे घेऊ नका.

व्होल्टेज हा दुसरा मोठा सापळा. पोटॅशियमचा समतोल साधारण उणे ९० ते १०० मिलिव्होल्टला असतो. पेशी उणे ६० वर असेल तर एएचपीला खाली जायला भरपूर जागा असते. उणे ७५ वर असेल तर तीच एएचपी छोटी दिसते, चॅनेल तेवढेच असले तरी. म्हणून थोडा स्थिर करंट देऊन प्रत्येक पेशी उणे ६५ला धरायची आणि त्यासाठी किती करंट लागला तो लिहून ठेवायचा. जंक्शन पोटेन्शियलची, म्हणजे पिपेटमधलं आणि बाहेरचं द्रावण भेटतं तिथल्या छोट्या व्होल्टेजची, दुरुस्ती केली की नाही, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

मग माळ: २ मिलिसेकंदांचे पंधरा झटके, ५० हर्ट्झने, प्रत्येक झटक्याला नेमका एकच स्पाइक. एखादा चुकला किंवा दोन पडले तर ती फेरी टाकून द्या, कारण स्पाइकची संख्या बदलली की आत शिरलेलं कॅल्शियम बदलतं. दोन फेऱ्यांमध्ये २० ते ३० सेकंद. पाच फेऱ्यांची सरासरी. माळ संपल्यानंतरचा सगळ्यात खालचा बिंदू ही मीडियम एएचपी आणि बरोबर एक सेकंदानंतरचं मूल्य ही स्लो एएचपी. वार्धक्याची गोष्ट मुख्यतः या दुसऱ्या आकड्यात आहे.

ही खरोखर स्लो एएचपीच आहे का, याची खात्री काही पेशींत करून घ्या. कार्बाकॉल किंवा आयसोप्रोटेरेनॉल दिल्यावर ती आक्रसली पाहिजे, आणि एपामिन दिल्यावर तशीच राहिली पाहिजे. शिवाय एक सेकंदाचा लांब करंट देऊन किती स्पाइक येतात ते मोजा. मोठी एएचपी असलेली पेशी सुरुवातीला दोन-चार मारते आणि थांबते. हा आकडा वाचकाला लगेच पटतो.

प्राण्याला वर्तनाचं काम आधी दिलं असेल तर सावध राहा. शिकल्यानंतर काही दिवस एएचपी लहान होते, हे डिस्टरहॉफ्ट यांच्या गटाने वारंवार दाखवलं आहे. काल शिकलेला उंदीर आणि न शिकलेला उंदीर एका गटात टाकता येत नाही. शिवाय या काळ्या उंदरांना वयाबरोबर बहिरेपण येतं, आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. आवाजाचा संकेत वापरून म्हातारा शिकला नाही, तर त्याला ऐकू आलं होतं का ते आधी तपासा.

निमोडिपीन

फरक दिसला तर पुढचा प्रश्न: तो एल-टाइप चॅनेलमुळेच आहे का? १० मायक्रोमोलर निमोडिपीन देऊन पंधरा मिनिटं थांबा आणि तीच माळ पुन्हा द्या. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवा आणि नुसतं डीएमएसओ देऊन स्वतंत्र पेशी नोंदवा. या स्वतंत्र पेशी हव्यातच, कारण वर सांगितलेलं धुऊन जाणं औषधाच्या परिणामासारखंच दिसतं. डायहायड्रोपिरिडीन औषधं उजेडात बिघडतात. बाटली, नळ्या, सिरिंज सगळ्यांना फॉइल गुंडाळा आणि खोलीचा दिवा मालवा.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. मेंदूतल्या पेशींत एल-टाइपचे दोन प्रकार आहेत, सीएव्ही १.२ आणि सीएव्ही १.३. निमोडिपीन दोघांनाही अडवतं, आणि १.३ला अडवायला जास्त मात्रा लागते. म्हणून १० मायक्रोमोलर. या मात्रेला ते इतर चॅनेलनाही थोडंफार लागू शकतं. औषधाने दोघांतला एक निवडता येत नाही.

तिथे जनुक काढलेले उंदीर लागतात. मर्फी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की सीएव्ही १.३ नसलेल्या उंदरात स्लो एएचपी कमी होते, आणि १.२ काढल्याने तसं होत नाही. हे उंदीर मागवायच्या आधी दोन गोष्टी माहीत हव्यात. १.३ नसलेला उंदीर जन्मापासून बहिरा असतो आणि त्याचं हृदय मंद चालतं. १.२ पूर्ण काढलं तर गर्भ जगतच नाही, म्हणून फक्त चेतापेशींतून काढलेला प्रकार घ्यावा लागतो.

प्रथिन मोजणार असाल तर एकच सूचना: पूर्ण हिप्पोकॅम्पस वाटून वेस्टर्न ब्लॉट करू नका. सीए-वन वेगळं काढा आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन बायोटिन लावून वेगळं मोजा. चॅनेल आत साठलेला असणं आणि पटलावर बसलेला असणं यात फार फरक आहे, आणि एएचपीला फक्त दुसरा कळतो.

घरी या कामाबद्दल सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो, कारण आपल्याकडे घराघरात अ‍ॅम्लोडिपीन घेणारं कुणीतरी असतंच: मग ही गोळी मेंदूसाठी चांगली का? अ‍ॅम्लोडिपीन त्याच कुळातलं आहे, पण मेंदूत निमोडिपीनपेक्षा खूपच कमी पोहोचतं. आणि उंदरातलं यश माणसात उतरेलच असं नाही. पार्किन्सनच्या रुग्णांना इस्राडिपीन दिलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला आणि आजार मंदावला नाही, जरी उंदरांत त्याने डोपामिनच्या पेशींना वाचवलं होतं. रक्तदाबाची गोळी रक्तदाबासाठीच आहे, हे मी आत्यालाही असंच सरळ सांगितलं.

आकडे

सहा उंदरांतून चाळीस पेशी मिळाल्या तर तुमच्याकडे सहाचा नमुना आहे, चाळिसाचा नाही. एका उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असतात. मिक्स्ड-इफेक्ट्स मॉडेल वापरा, प्राणी हा त्यात रँडम घटक ठेवा. नर-मादी दोन्ही घ्या.

विश्लेषण पूर्ण होईपर्यंत वयाचे कोड उघडू नका. उघडल्यावर पहिला आलेख एएचपीचा काढू नका. आधी दोन्ही गटांसाठी हे आलेख काढा: दर प्राण्यामागे किती काप वापरण्याजोगे निघाले, पेशी किती खोलवर होती, काप काढल्यापासून नोंदीपर्यंत किती तास गेले, इनपुट रेझिस्टन्स, म्हणजे पेशीचा विद्युतरोध, किती, धरून ठेवायला किती करंट लागला. यातल्या एखाद्या आलेखात तरुण आणि म्हातारे स्पष्ट वेगळे पडले, तर एएचपीची फाइल तशीच बंद ठेवा आणि पुन्हा व्हायब्रेटोमकडे जा.